जुन्या ट्रकला ओव्हरड्राइव्ह बसवल्यावर इंजिनचे फेरे आणि गिअरचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून सुटणाऱ्या मालट्रकला दोन अगदी वेगळ्या स्वभावांचे रस्ते भेटतात. शिरोलीत कास्टिंग किंवा मार्केट यार्डात गुळाचे रवे भरून पुण्याकडे निघालेली गाडी राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तासन्‌तास टॉप गिअरमध्ये धावते. तीच गाडी पुढच्या खेपेला आंबा घाटाने रत्नागिरीकडे किंवा करूळ घाटाने तळकोकणात उतरते, तेव्हा टॉप गिअरला हातही लागत नाही. जुन्या ट्रकांचे गिअर ठरले त्या काळात रस्ते अरुंद होते, वेग कमी होते आणि ओढीला महत्त्व होते. त्यामुळे आजच्या चौपदरी रस्त्यावर या गाड्यांचे इंजिन सरळ सपाटीलाही घाट चढत असल्यासारखे ओरडत राहते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपला गाडी घेऊन येणारे मालक आणि चालक याच तक्रारीवरून ओव्हरड्राइव्हचा विषय काढतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आकडे एका नमुना गाडीचे आहेत. आपल्या गाडीचे आकडे वेगळे निघतील, परंतु हिशेबाची रीत बदलणार नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

विहिरीवरच्या ऑइल इंजिनची मोठी पुली पट्ट्याने पंपाची लहान पुली फिरवते, तेव्हा पंप इंजिनपेक्षा जास्त फेरे घेतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे हेच काम दात्यांच्या चाकांनी करणारा गिअर होय. जुन्या पाच गिअरच्या ट्रकात पाचवा गिअर बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनचा एक फेरा तोच प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) एक फेरा. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनच्या एका फेऱ्याहून कमी फेऱ्यात शाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. ०.७८ हा रेशो असेल तर शाफ्टच्या शंभर फेऱ्यांसाठी इंजिनला अठ्ठ्याहत्तरच फेरे घ्यावे लागतात.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. त्याच वेगाला इंजिनचे फेरे २२ टक्के कमी होतात, हे खरे. परंतु तेवढेच फेरे ठेवले तर वेग २२ नव्हे, २८ टक्के वाढतो, कारण एकाला ०.७८ ने भागले की १.२८ येतात. विक्रेता यांतला सोयीचा आकडा सांगतो. आपण कोणत्या आकड्याविषयी बोलत आहोत ते आधी ठरवून घ्यावे.

माझ्या गाडीचे आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) किती होतील, हे बसवण्यापूर्वी कसे काढावे?

यासाठी तीन आकडे लागतात : टायर एका फेऱ्यात किती अंतर कापतो, डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरांचा) रेशो आणि वापरात असलेल्या गिअरचा रेशो. ताशी वेगाला साठाने भागले की मिनिटाला कापलेले अंतर मिळते. त्याला टायरच्या एका फेऱ्याच्या अंतराने भागले की चाकाचे मिनिटाचे फेरे मिळतात. त्यांना डिफरन्शियलच्या रेशोने आणि मग गिअरच्या रेशोने गुणले की इंजिनचे आरपीएम समोर येतात.

नमुना गाडीचे टायर ९.००-२० चे असून एका फेऱ्यात ती ३.१ मीटर पुढे जाते, आणि तिच्या डिफरन्शियलमधल्या मोठ्या चाकाला, म्हणजे क्राउनला ४१ व ते फिरवणाऱ्या लहान पिनियनला ६ दाते आहेत, असे समजू. म्हणजे रेशो ६.८३ झाला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, म्हणून तोंडी हिशेबाला हा वेग सर्वांत सोयीचा. हजार मीटरला ३.१ ने भागले की चाकाचे सुमारे ३२३ फेरे येतात, आणि त्यांना ६.८३ ने गुणले की डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन सुमारे २२०० फेऱ्यांवर असल्याचे दिसते. ताशी ७० ला हा आकडा २५७० होतो आणि ८० ला २९४०. इंजिनचे कमाल फेरे रोखणारा गव्हर्नर २८०० ला धरलेला असेल तर ही गाडी ताशी ७६ च्या पुढे सरकणारच नाही. चालकाला ‘इंजिनात दम उरला नाही’ असे वाटते, पण दम आहे. फेरे संपलेले आहेत.

याच गाडीला ०.७८ चा ओव्हरड्राइव्ह लावला तर ६० ला १७२०, ७० ला सुमारे २००५ आणि ८० ला २२९० फेरे राहतील. कागदावरचा हा एवढा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तो न करता हजारो रुपयांचा गिअरबॉक्स विकत आणणारे लोक दर वर्षी भेटतात.

कागदपत्रे हरवली असतील तर डिफरन्शियलचा रेशो न उघडता कसा कळेल?

सपाट जागी पुढच्या चाकांना भक्कम ओट (अडसर) लावावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, मागच्या एका बाजूला जॅक लावून त्या बाजूची चाके जमिनीपासून सोडवावीत आणि एक्सलखाली घोडी (लोखंडी आधार) द्यावी. दुसऱ्या बाजूची चाके जमिनीवरच राहू द्यावीत. हँडब्रेक मागच्या चाकांवर किंवा शाफ्टवर काम करीत असेल तर तो सोडावा लागतो, म्हणूनच ओट आणि घोडी यांत कुचराई नको. आता टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारावी. एकाने चाक हाताने सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने खाली बसून शाफ्टचे फेरे मोजावेत.

चाकाचे एक नव्हे, दोन पूर्ण फेरे करायचे आहेत. एक बाजू जमिनीवर अडलेली असल्याने डिफरन्शियलमुळे मोकळे चाक क्राउनच्या दुप्पट फिरते. चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. या दोन फेऱ्यांत शाफ्ट पावणेसात फेऱ्यांपेक्षा किंचित जास्त फिरला, तर रेशो ६.८३ आहे, सहाला थोडासा कमी पडला, तर बहुधा ४१ आणि ७ दात्यांचा, म्हणजे ५.८६ चा जोड आहे. शंका उरल्यास चाकाचे वीस फेरे करून शाफ्टचे आलेले फेरे दहाने भागावेत.

टायरचे अंतरही पुस्तकातून घेऊ नये. नेहमीचा माल भरलेल्या गाडीच्या टायरवर आणि जमिनीवर एकाच जागी खूण करून गाडी सरळ रेषेत पाच फेरे पुढे न्यावी आणि टेपने मोजून पाचाने भागावे. माल भरल्यावर टायर दबतो आणि झिजल्यावर घेर कमी होतो. रबर १५ मिलिमीटरने झिजले तर घेर जवळजवळ साडेनऊ सेंटीमीटरने घटतो, म्हणजे सुमारे तीन टक्के फरक पडतो.

ओव्हरड्राइव्हने गाडीची ओढ वाढते का?

नाही. उलट त्या गिअरमध्ये ओढ कमीच होते आणि हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

माल धरून बारा टन वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० ने चालवायला चाकांपाशी साधारण ४५ अश्वशक्ती लागते. गिअर आणि डिफरन्शियल यांतली घट धरून इंजिनला पन्नासच्या आसपास द्यावी लागते. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त शक्ती वारा कापण्यात आणि बाकीची टायरच्या घर्षणात जाते. १३० अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन २२०० फेऱ्यांवर शंभराच्या थोडे पुढे देऊ शकते असे धरले, तर हाताशी पंचावन्न अश्वशक्ती शिल्लक राहते. १७२० फेऱ्यांवर तेच इंजिन ८६ च्या आसपासच देते, म्हणजे शिल्लक छत्तीसवर येते. शंभर मीटरला पावणेदोन मीटर चढणारा रस्ता डायरेक्टमध्ये ६० च्या वेगाने निघतो. ओव्हरड्राइव्हमध्ये सव्वा मीटरच्या चढालाच गाडी दम टाकू लागते. कागल सोडल्यावरचे साधे उड्डाणपूलसुद्धा भरलेल्या गाडीला जाणवतील. घाटातला शंभराला पाच मीटरचा चढ तर विचारातही घेऊ नये, कारण तेथे केवळ वजन वर उचलायलाच सपाटीच्या एकूण विरोधाच्या जवळजवळ तिप्पट जोर लागतो.

म्हणून ओव्हरड्राइव्ह हा वेगळा, सपाटीचा गिअर आहे असे मानावे. चढ दिसला की तो सोडायचा, आणि लाज न बाळगता सोडायचा.

मग तो कोणत्या वेगाला टाकावा आणि कधी काढावा?

वेगापेक्षा फेऱ्यांकडे पाहावे. जुन्या, टर्बो नसलेल्या थेट इंजेक्शनच्या डिझेल इंजिनांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारणतः १४०० ते १८०० फेऱ्यांच्या पट्ट्यात भरात असतो. ओव्हरड्राइव्ह टाकल्यानंतर फेरे १४०० च्या खाली जाणार असतील तर तो टाकू नये. नमुना गाडीत ताशी ५० ला ओव्हरड्राइव्हमध्ये १४३० फेरे येतात, म्हणून ५० ही खालची हद्द समजावी आणि भरलेल्या गाडीला ५५ नंतरच हात लावावा. ताशी ४० ला टाकला तर इंजिन ११५० वर येते. त्या स्थितीत ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तर इंजिन धडधडते, काळा धूर सोडते, सिलिंडरमधले तापमान चढते आणि ऑइलचा दाब कमी असतानाच मेन बेअरिंगवर सर्वांत जास्त ताण येतो.

फेरे कमी म्हणजे इंजिनला आराम, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. कमी फेरे आणि हलका पाय म्हणजे आराम. कमी फेरे आणि तळाला टेकलेला पाय म्हणजे छळ. पाय पाऊण दाबूनही वेग घटत असेल तर लगेच डायरेक्टमध्ये यावे.

डिझेलची बचत किती होईल?

ठरावीक टक्केवारी छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बचत होते ती दोन कारणांनी. इंजिनातले पिस्टन, बेअरिंग आणि पंप यांच्या घर्षणात जाणारी शक्ती फेऱ्यांबरोबर वाढते, ती फेरे कमी झाल्याने वाचते. दुसरे म्हणजे तेवढेच काम कमी फेऱ्यांवर घेतले तर प्रत्येक स्फोटामागे भार जास्त असतो आणि डिझेल इंजिन अर्धवट भारापेक्षा पुरेशा भारावर डिझेलचा चांगला उपयोग करते. परंतु वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नमुना गाडीला ६० ला चाकांपाशी ४५ अश्वशक्ती पुरते, तर ८० ला सुमारे ८५ लागते. ओव्हरड्राइव्ह बसवल्यावर इंजिन शांत झाले म्हणून चालकाने ६० ची गाडी ७५ वर नेली, तर वाचलेले डिझेल वाऱ्यात जाते आणि मालक बॉक्सला दोष देतो.

ॲव्हरेज मोजायचे तर टाकी काठोकाठ भरून, त्याच मार्गावर, तेवढ्याच मालाने आणि त्याच चालकाकडून निदान चार फेऱ्या करून पुन्हा टाकी भरावी. एका फेरीवरून काढलेला निष्कर्ष बहुधा वाऱ्याचा किंवा वाहतूककोंडीचा असतो.

इंजिनचे आयुष्य वाढते का?

वापर शहाणपणाचा असेल तर झीज निश्चित कमी होते. कोल्हापुरातून पुण्याच्या वाटेवरचे दोनशे किलोमीटर जरी ओव्हरड्राइव्हमध्ये गेले, तरी नमुना गाडीच्या क्रँकशाफ्टचे सुमारे ९७ हजार फेरे एका खेपेत वाचतात. टाटाच्या ६९७ या जुन्या इंजिनाच्या नावातच त्याचे माप आहे : सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास). त्याचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२८ मिलिमीटरचा असल्याने नमुना गाडीच्या रेशोत ताशी ७० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटरच्या जवळ पोहोचतो. ओव्हरड्राइव्हमध्ये तो साडेआठवर येतो. लांब स्ट्रोकच्या जुन्या इंजिनाला हा फरक लहान नाही, आणि केबिनमध्ये बसलेल्या किन्नरालाही (क्लीनरलाही) तो ऐकून कळतो.

पूर्ण गिअरबॉक्स बदलावा, मागे जादा युनिट बसवावे, की फक्त क्राउन-पिनियन बदलावे?

हा निर्णय गाडी कोणत्या रस्त्यावर चालते त्यावरून करावा.

क्राउन-पिनियन बदलणे सर्वांत सोपे. ४१-६ च्या जागी ४१-७ चा जोड घातला की ताशी ६० ला इंजिन २२०० वरून १८९० वर येते. शाफ्ट कापावा लागत नाही, लिंक बदलाव्या लागत नाहीत. किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते : प्रत्येक गिअरची ओढ सातातला एक भाग कमी होते, पहिल्या गिअरचीही. पुणे-बेंगळुरू मार्गावरच चालणाऱ्या, फार जड माल न घेणाऱ्या गाडीला आमचा सल्ला हाच असतो. हंगामात उसाच्या फडात उतरणाऱ्या गाडीला तो कधीच नसतो, कारण ओल्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना तो सातवा भाग आठवतो आणि क्लच प्लेट जळते.

पूर्ण गिअरबॉक्स बदलताना, ज्याचा टॉप गिअरच ओव्हरड्राइव्ह आहे असा बॉक्स घेतला जातो. येथे पाहायचे ते इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दाते), क्लच प्लेट, पायलट बेअरिंग, बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे कवच) आणि गिअर लिव्हरची जागा. उद्यमनगरातला चांगला टर्नर ॲडाप्टर प्लेट सहज करून देतो, पण ती प्लेट क्रँकशाफ्टच्या केंद्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. बोल्टची भोके जुळली म्हणजे केंद्र जुळले असे होत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेल हाउसिंगचा घेर फिरवून तपासल्याशिवाय बॉक्स चढवू नये. नाहीतर पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग लवकर बोंबलते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : ओव्हरड्राइव्हच्या बॉक्समधले खालचे गिअर जुन्या बॉक्सपेक्षा वेगळे असू शकतात. टॉप गिअर पाहून बॉक्स घेतला आणि पहिला गिअर उंच निघाला, तर घाटात भरलेली गाडी उठवताना पंचाईत होते. सर्व रेशो लिहून मागावेत.

जादा युनिट मुख्य गिअरबॉक्सच्या मागे बसते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशी स्वतंत्र युनिटे पुष्कळ वर्षे वापरात आहेत आणि ०.७८ च्या आसपासचा रेशो तिकडे रूढ आहे. याचा मोठा फायदा असा की जुने गिअर जसेच्या तसे राहतात आणि ओव्हरड्राइव्ह केवळ हवा तेव्हा मिळतो. घाट आणि महामार्ग दोन्ही करणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीला तत्त्वतः हेच सर्वांत योग्य. परंतु ते मागे बसत असल्याने त्याच्यावर गिअरबॉक्सने वाढवलेला टॉर्क येतो. इंजिनचा टॉर्क ३६ किलोग्रॅम-मीटर आणि पहिला गिअर सातपटीचा असेल तर युनिटच्या तोंडाशी २५० हून अधिक किलोग्रॅम-मीटर येतात. युनिट किती टॉर्कसाठी बनवले आहे ते पाहिल्याशिवाय हलक्या गाडीचे युनिट ट्रकला लावणे म्हणजे ते रस्त्यात फुटण्याची वाट पाहणे.

पाच गिअरला जादा युनिट लावले की दहा गिअर होतात ना?

मोजायला दहा होतात, वापरायला तितके नाहीत. तिसरा गिअर २.४ आणि चौथा १.५ आहे असे धरले, तर ओव्हरड्राइव्हसह क्रम २.४, १.८७, १.५, १.१७, १ आणि ०.७८ असा लागतो. यातला १.१७ चा, म्हणजे चौथा आणि ओव्हरड्राइव्ह हा जोड खरोखर उपयोगी आहे. लांबच लांब सौम्य चढावर पाचव्यात गाडी घुसमटते आणि चौथ्यात ओरडते, तेथे तो नेमका मध्ये बसतो. निपाणीपुढच्या तवंदी घाटाच्या पायथ्याशी त्याची किंमत कळते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरबरोबर मात्र युनिट वापरू नये. कारण वर दिलेलेच आहे : वाढलेला टॉर्क.

घाट उतरताना ओव्हरड्राइव्ह ठेवला तर चालेल का?

अजिबात नाही. घाट उतरताना गाडी आवरण्याचे अर्धे काम इंजिन करते, आणि ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनचे फेरे कमी असल्याने ही पकड ढिली पडते. मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक ओव्हरड्राइव्हच्या गाडीलाही तसाच लागू आहे. गिअर उताराच्या माथ्यावरच पाडावा. गाडी उताराला लागून वेग पकडल्यावर तो पाडता येत नाही आणि न्यूट्रलमध्ये अडकलेली भरलेली गाडी हा घाटातला सर्वांत वाईट प्रसंग होय. करूळमध्ये किंवा आंब्यात वळणावळणावर ब्रेक लागतो आणि हवेचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. फेरे कमी असतील तर टाकीत हवा भरायलाही जास्त वेळ लागतो, हे वेगळेच.

स्पीडोमीटर चुकीचा का दाखवू लागला?

स्पीडोमीटरची केबल मुख्य गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते. जादा युनिट तिच्या मागे बसले की केबलला ओव्हरड्राइव्हचा पत्ताच नसतो. गाडी खरोखर ताशी ६० ने चालली असताना काटा ४७ वर असतो. आणि चालकाने काट्यावर ६० धरले तर गाडी ७७ ने जात असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज खरे असते त्यापेक्षा वाईट दिसते. केबलचा ड्राइव्ह युनिटच्या मागून घ्यावा. डायरेक्टमध्ये बरोबर आणि ओव्हरड्राइव्हमध्ये चूक, अशी स्थिती केबलचे लहान दातेरी चाक बदलून सुटत नाही. वेगमर्यादकाचा सेन्सर ज्या गाडीत याच जागेवरून चालतो, तेथे ही चूक कायद्याच्याही आड येते. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असेल तर त्याचीही जागा आधी ठरवून घ्यावी.

बसवल्यापासून ठरावीक वेगाला गाडी थरथरते. दोष युनिटचा आहे का?

बहुतेक वेळा नाही. एका मालकांनी दुसरीकडे बसवून घेतलेली गाडी आमच्याकडे आणली होती. पंचावन्नपासून पासष्टपर्यंत केबिनचा आरसा हलून दिसेनासा होई आणि सेंटर बेअरिंगचे रबर महिन्याभरात फाटले होते. युनिट दोनदा उतरवून झाले होते. गाडीखाली झोपून पाहिले तर दोष डोळ्यांना दिसत होता : शाफ्ट आखूड करून पुन्हा जोडताना दोन टोकांच्या योकचे (जॉइंट धरणाऱ्या काट्याचे) कान एका रेषेत ठेवले गेले नव्हते, स्प्लाइनमध्ये ते दोन दाते सरकले होते. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो; दोन्ही कान एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच मागचा जॉइंट पुढच्याची चूक भरून काढतो. स्प्लाइन दोन दाते फिरवून शाफ्ट पुन्हा बॅलन्स करून घेतल्यावर थरथर गेली. नव्या बेअरिंगचा खर्च मात्र मालकांच्या अंगावर पडला.

येथे आणखी एक मुद्दा समजून घ्यावा. ओव्हरड्राइव्हने इंजिनचे फेरे कमी होतात, शाफ्टचे नाहीत. शाफ्टचे फेरे टायर आणि डिफरन्शियल ठरवतात, म्हणून ताशी ८० ला नमुना गाडीचा शाफ्ट २९४० फेरेच घेणार. पूर्वी गव्हर्नरच गाडीला ७६ च्या पुढे जाऊ देत नव्हता. आता शाफ्ट आयुष्यात प्रथमच या फेऱ्यांना पोहोचतो आणि इतकी वर्षे दडलेला वाकडेपणा दाखवतो. क्राउन-पिनियन बदलले तर मात्र शाफ्टही सावकाश फिरतो.

मोठे टायर टाकून हेच काम होणार नाही का?

थोडेसे होईल. ९.००-२० च्या जागी १०.००-२० घातले आणि घेर ३.१ वरून ३.२ मीटर झाला, तर ६० ला २२०० चे २१३५ फेरे होतात. एवढ्यासाठी सहा टायर आणि स्टेपनी बदलणे परवडत नाही.

४१-७ च्या गाडीला वर ओव्हरड्राइव्हही बसवला तर?

तर ताशी ६० ला इंजिन १४७५ वर येते आणि टॉप गिअर केवळ रिकाम्या गाडीपुरता उरतो. जिची जोडणी मुळातच वेगासाठी आहे, तिला हा खर्च करू नये.

आरपीएमचा काटाच नाही. अंदाजाने चालवले तर?

पुढील काही महिने तरी नको. इतकी वर्षे कान ज्या आवाजाला सरावलेला असतो तो आवाज आता बदललेला असतो आणि चालकाला १३०० फेऱ्यांवरही ‘गाडी छान शांत चालली आहे’ असे वाटते. अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून चालणारा डिझेलचा टॅकोमीटर बसवता येतो. पुलीच्या मापाप्रमाणे तो जुळवून, क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने एकदा पडताळून घ्यावा.

आरटीओचे काय?

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या नोंदणी कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ‘पासिंगच्या वेळी बघू’ ही वृत्ती महागात पडते, कारण आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला फिटनेस दर वर्षी घ्यावा लागतो. वेगाचा मोह ठेवू नये : मालवाहू वाहनांसाठी चौपदरी महामार्गावरही केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ओव्हरड्राइव्ह त्या मर्यादेच्या आत इंजिन शांत ठेवण्यासाठी आहे, ती ओलांडण्यासाठी नाही.

बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत काय पाहावे?

तेल युनिटच्या पत्रकात सांगितलेलेच घालावे. गिअरबॉक्सला चालते ते युनिटलाही चालेल असे गृहीत धरू नये. ज्या युनिटांत घर्षणाचा शंकूच्या आकाराचा क्लच (कोन क्लच) असतो, त्यांत चुकीच्या तेलाने क्लच घसरतो. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल सोडून ड्रेन बोल्टचे चुंबक पाहावे. त्यावर राखेसारखी बारीक पूड असणे साहजिक आहे. नखाला टोचेल असा कण असेल तर गाडी पुढे नेऊ नये. फ्लँजचे बोल्ट आणि युनिटचा ब्रॅकेट पुन्हा आवळावा. पहिली लांब खेप झाल्यावर युनिटला हात लावून पाहावे. हात टेकवत नाही इतके ते तापले असेल तर तेलाची पातळी आणि शाफ्टचा कोन दोन्ही तपासावेत.

एकेरी फिरणारा क्लच असलेल्या युनिटची गाडी ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून कधीही मागे घेऊ नये, कारण रिव्हर्समध्ये तो क्लच उलटा अडतो आणि युनिट जागेवर मोडते. मार्केट यार्डात माल उतरवायला गाडी मागे लावताना, मागून किन्नर ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असताना, स्विच पाहायचे भान राहत नाही. म्हणून रिव्हर्सच्या लाइटच्या स्विचवरून एक रिले घेऊन रिव्हर्स पडताच ओव्हरड्राइव्ह आपोआप बंद होईल अशी वायरिंग करून घ्यावी. ती केल्याशिवाय आम्ही गाडी बाहेर सोडत नाही.